उडीचा खालचा अर्धा भाग

या, बसा मित्रांनो. डावीकडे मात्र बसू नका, तिकडची फळी चावते. मधली फळी पाइनची आहे, बाकीच्या ओकच्या. मूळची मधली फळी एका लग्नाच्या वऱ्हाडानं मोडली. सगळे एकदम फोटोला बसले होते. मी पेनसिल्व्हेनियातल्या या करमणूक बागेतला जुना बाक आहे. मोठ्या रोलर कोस्टरच्या बाहेर पडायच्या फाटकासमोर मला रोवलं, तेव्हापासून मी जागचा हललेलो नाही.

माझे पाय बिडाचे आहेत, खालच्या नदीकाठच्या भट्टीत ओतलेले. तेव्हा या खोऱ्यातलं जवळजवळ प्रत्येक घर पोलाद कारखान्यावर जगत होतं आणि उन्हाळ्यात एक दिवस कारखान्याची सहल इथं यायची. पुढे कारखाना बंद पडला, पण सहल बंद पडली नाही. माणसं चिवट असतात. अजूनही त्या दिवशी मंडपाखाली कोबी घालून परतलेले नूडल्स, सॉसेज आणि अक्रोडाचे रोल मांडले जातात आणि कुणाच्या आईचा रोल जास्त चांगला यावर हमरीतुमरी होते.

सुरुवातीला माझं कौतुक होतं. दर वसंतात मला हिरवा रंग लागायचा. मग एक वर्षाआड लागू लागला आणि पुढे रंगवणाऱ्यांना माझी आठवणच राहिली नाही. माझ्या पोटाखाली किती जणांनी च्युइंगम चिकटवलं आहे ते विचारू नका. मी तक्रार करत नाही. बाकानं तक्रार केली तर त्याच्यावर बसणार कोण?

माझ्यावर दोन वेळा माणसं बसतात. सकाळी कुटुंबं येतात, माझ्यावर नकाशा पसरतात आणि आज काय काय बघायचं ते ठरवतात. ठरवतात म्हणजे भांडतात. पाण्याची होडी आधी घेतली तर दिवसभर ओल्या चड्डीत फिरावं लागतं. बटाट्याच्या तळलेल्या फोडी आधी खाल्ल्या तर कोस्टरमध्ये त्या परत भेटायला येतात. शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं. दुसऱ्यांदा बसतो तो पिशव्या सांभाळणारा. तो प्रत्येक घरात एक असतो. बाकीचे कोस्टरच्या रांगेत पळतात आणि जाता जाता आपले चष्मे, टोप्या, किल्ल्या, पाकिटं त्याच्या मांडीवर टाकतात.

हुडाक घराण्यात ते काम अ‍ॅग्नेसआजीकडे होतं. आजी अंगानं बारीक, केस पांढरेशुभ्र, डोक्यावर गवती हॅट. सहलीच्या दिवशी ती येणार आणि माझ्या उजव्या टोकाला बसणार, हे ठरलेलं. मुलगी डार्लीन लहान होती तेव्हापासून आजी बसत आली. मग डार्लीनचा नवरा डेनी आला आणि त्याच्याबरोबर त्याचा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्माही आजीच्या मांडीवर आला. मग नातू कीथ आला, मग नात टेस. टेस उंचीला कमी पडायची म्हणून काही वर्षं आजीला माझ्यावर सोबत मिळाली, एवढंच.

दुपार झाली की आजी मान वर करायची. समोर मेपलची दाट झाडी आहे. झाडीच्या पलीकडे तेव्हा शिडी होती, आकाशात घुसलेली. दिवसातून दोनदा मिस विल्मा नावाची बाई त्या शिडीवर चढायची, टोकाला उभी राहायची, एक हात वर करायची आणि खाली उडी घ्यायची. खाली म्हणे छोटंसं कुंड होतं. आम्हाला ते दिसायचं नाही. बाई हवेत दिसायची, मग झाडीत दिसेनाशी व्हायची. मग धप्प आवाज आणि टाळ्या. इतक्या वर्षांत आजीनं उडीचा वरचा अर्धा भागच पाहिला. मीही तेवढाच पाहिला. मला पाय आहेत, पण ते सिमेंटमध्ये आहेत. आजीचे तर मोकळे होते.

मी सांगतो आहे त्या वर्षी फाटकावर पाटी लागली होती. मिस विल्मा निवृत्त होत होती आणि त्या दिवशी चार वाजता तिची शेवटची उडी होती.

सकाळी हुडाक मंडळी माझ्यावर जमली. डेनीनं नकाशा पसरला आणि उडू नये म्हणून कोपऱ्यावर सरबताचा पेला ठेवला.

"सगळे मूर्ख आत शिरले की पहिल्याच पाळण्याला चिकटतात," डेनी म्हणाला. "आपण मागच्या टोकाकडून सुरुवात करायची. रांगाच नसतात तिकडे."

"गेल्या वर्षी पण हेच म्हणालास," डार्लीन म्हणाली. "मागच्या टोकाला सगळं बंद होतं. चालून चालून पायाचे तुकडे पडले माझे."

"मला कोस्टर! कोस्टर! कोस्टर!" टेस ओरडली. त्या वर्षी ती उंची मोजायच्या लाकडी अस्वलापेक्षा बोटभर उंच झाली होती आणि सकाळपासून दिसेल त्याला ते सांगत होती.

"भूतबंगला," कीथ म्हणाला. त्याला नुकतीच मिसरूड फुटली होती आणि तो एका शब्दाच्या वर बोलत नसे.

सगळं ठरलं. मग डेनीनं दरवर्षीसारखं विचारलं, "आई, तुमचं काय?" विचारता विचारता तो नकाशाची घडीही घालत होता. उत्तर त्याला पाठ होतं: माझं काही नाही, तुम्ही ठरवा.

"मला चार वाजता उडी बघायची आहे," आजी म्हणाली.

घडी अर्ध्यावर राहिली.

"उडी? अगं, दरवर्षी इथूनच तर बघतेस," डार्लीन म्हणाली.

"इथून ती वर जाते तेवढं दिसतं. खाली काय होतं ते मला बघायचं आहे. आज शेवटची आहे."

"एवढंच ना!" डेनीनं छातीवर हात ठेवला. "तीनला कोस्टर, साडेतीनला मोकळे, चारला सगळे उडीला. पहिल्या ओळीत बसवतो तुम्हाला. शब्द!"

आजीला केवढा आनंद झाला! दिवसभर तिला कुणीही काही विचारलं की "चारला उडी आहे हं," एवढं जोडत होती.

तीन वाजता सगळे कोस्टरपाशी आले. आजी माझ्या उजव्या टोकाला बसली. मांडीवर डेनीचा चष्मा, गाडीच्या किल्ल्या, डार्लीनची पर्स, कीथची टोपी, टेसची मक्याच्या लाह्यांची पिशवी. पायाशी जेवणाची टोपली. टेसनं जाताना लांबूनच हात हलवला. आजीच्या शेजारी बसायला आता घरचं कुणी उरलं नव्हतं.

रांग पुढे सरकत होती. आणि मग थांबली. गाडीत कुणीतरी ओकलं होतं. मघाशी सांगितलं ना, बटाट्याच्या फोडींचं. गाडी धुवायला पाण्याची नळी आली, माणसं आली, रांग जागच्या जागी उभी राहिली. घड्याळाचा काटा काही थांबला नाही.

डेनीनं कठड्यावरून हाक मारली. "आई! आलोच! पाच मिनिटं!"

पाच मिनिटं कसली! गाडी अजून भिजलेलीच होती. झाडीपलीकडे बँडचा सूर सुरू झाला. आजी उठली, पिशव्यांकडे पाहिलं आणि परत बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. ती घेऊन जाणार तरी किती? आणि चष्म्याशिवाय जावई स्वतःची बायकोही ओळखणार नाही. माझ्यावर बसून रडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आजी रडली नाही. ती नुसती शिडीच्या टोकाकडे बघत राहिली, आणि मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

माझ्या चावऱ्या टोकाला एक म्हातारा बसला होता, स्टॅनली पिटलक. तोही त्याच्या घरचा पिशव्या सांभाळणारा. मांडीवर बक्षिसात मिळालेलं जांभळं कापडी अस्वल होतं.

"बाई, एक तर बसा नाहीतर उठा," तो म्हणाला. "तुमच्या उठाबशांनी माझ्या फळीचा झोपाळा झालाय."

"मला उडी बघायची होती," आजी म्हणाली. "पण हे सगळं सोडून कशी जाऊ?"

"मी आहे की."

"तुम्हाला मी ओळखत नाही हो."

पिटलकनं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि हळूच उघडून दाखवली. "ही काय आहे? माझ्या बायकोची कवळी. कोस्टरमध्ये पडते म्हणून माझ्याकडे देऊन गेली. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईनं ज्याच्याकडे दात ठेवलेत, त्याच्याकडे तुम्ही एक टोपली ठेवू शकत नाही?"

आजीला हसू फुटलं. तिनं चष्मा त्याच्या हातात दिला, किल्ल्या दिल्या, पर्स दिली. मग हलक्या झालेल्या मांडीवरून हात फिरवला आणि निघाली. निघाली म्हणजे पळालीच. ऊन तिरपं होतं आणि काढून माझ्यावर ठेवलेली हॅट ती विसरून गेली होती, म्हणून पिटलकनं ती आपल्या डोक्यावर चढवली.

थोड्या वेळानं विल्मा शिडीच्या टोकाला दिसली. तिनं हात वर केला. त्या दिवशी तो जरा जास्तच वेळ वर राहिला. मग ती झाडीत दिसेनाशी झाली. धप्प. टाळ्या थांबता थांबेनात.

इकडे कोस्टर एकदाचा धावून आला. डार्लीन आणि मुलं फोटो विकायच्या खिडकीपाशी, चालत्या गाडीत काढलेले आपले किंचाळतानाचे फोटो बघत थांबली. डेनीला फोटो दिसणारच नव्हता, म्हणून तो हात पुढे धरून चाचपडत माझ्यापाशी आला आणि पांढरे केस, गवती हॅट, मांडीवर पिशव्या बघून पिटलकच्या शेजारी धप्पकन बसला.

"आई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "रागावू नका. रांग अडकली. मी तरी काय करणार?"

पिटलकनं जांभळं अस्वल दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"मला कळतं हो. दरवर्षी तुम्ही इथं बसता आणि आम्ही मजा करतो. मी ना, तुमची मांडी म्हणजे कपाटच समजून चाललो." त्यानं नाक पुसलं. "पुढच्या वर्षी नक्की बघू उडी. शब्द!"

"पुढच्या वर्षी नाही," पिटलक म्हणाला. "आजची शेवटची होती. त्या गेल्यात बघायला. हा घ्या चष्मा."

डेनी असा दचकून उठला की माझ्या सगळ्या फळ्या हलल्या. चष्मा घातल्यावर त्याला हॅटखालची भली मोठी मिशी दिसली. तेवढ्यात बाकीचे आले. डार्लीननं आपली पर्स परक्या माणसाच्या मांडीवर पाहिली आणि "आई कुठाय?" म्हणून अशी ओरडली की कोस्टरच्या रांगेतली माणसंही वळून बघू लागली.

आई झाडीकडून येत होती, सावकाश. तिचा झगा कमरेपासून खाली चिंब भिजला होता. ती माझ्यावर बसली आणि मीही भिजलो.

"आजी, तू कुंडात पडलीस?" टेसनं विचारलं.

"पहिल्या ओळीत बसले होते," आजी म्हणाली. "ती बाई साठीची असेल रे डेनी! गुडघ्याला पट्टी. शिडीवर चढायच्या आधी तिनं डोळ्यांवरचा चष्मा काढला, इकडे तिकडे बघितलं आणि सरळ माझ्या हातात दिला. म्हणाली, जरा धराल का?"

"म्हणजे तिथंही!" डार्लीन म्हणाली.

"तिथंही," आजी म्हणाली आणि खळखळून हसली. "मी चष्मा धरून बसले. कुंड एवढंसं गं, आपल्या अंगणातल्या हौदाएवढं! वरून ती आली, पाणी फुटलं, सगळं माझ्या अंगावर. मग बराच वेळ काहीच नाही. माझा जीव नुसता टांगणीला. आणि मग डोकं वर आलं. डोळे किलकिले करून तिनं आधी मला शोधलं. लोक टाळ्या वाजवत होते, पण ती आधी माझ्याकडे आली. चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, आता दिसलात. तुम्हाला आवडली का उडी?"

मला बरं वाटलं. खाली काय होतं ते इतक्या वर्षांनी मलाही कळलं होतं.

"मग तू काय म्हणालीस?" टेसनं विचारलं.

"खरं ते सांगितलं. म्हटलं, वरचा अर्धा भाग मी फार वर्षं बघत आले. आता पुरी झाली."

डेनीनं टोपली उचलून आपल्या खांद्याला लावली. कीथनं न सांगता स्वतःची टोपी डोक्यावर घातली. आजीच्या मांडीवर कुणी काही ठेवलं नाही आणि ती हात मोकळे सोडून तशीच बसून राहिली, झगा वाळेपर्यंत.

पुढे शिडी काढून टाकली. आता तिथं आइस्क्रीमचं दुकान आहे. आजीही काही उन्हाळ्यांनी यायची थांबली. हुडाक मंडळी मात्र येतात. डेनीचे केस पांढरे झालेत आणि तीनच्या सुमाराला पिशव्या घेऊन माझ्या उजव्या टोकाला तोच बसतो. टेस सकाळी नकाशा पसरते आणि घडी घालायच्या आधी, नकाशा उघडा असतानाच, सगळ्यांत पहिल्यांदा बापाला विचारते.

मला पुढच्या वसंतात काढणार आहेत असं रंगवणारे आपसात बोलत होते. प्लॅस्टिकचा बाक येणार आहे. येवो. त्याच्यावरही कुणीतरी पिशव्या घेऊन बसेलच. मित्रांनो, माझ्यासाठी काही मागत नाही. फक्त एवढं करा: ज्याच्या मांडीवर तुमचा चष्मा ठेवाल, त्याला आधी विचारा, तुला काय बघायचं आहे. तो म्हणेल, माझं काही नाही, तुम्ही ठरवा. मग पुन्हा विचारा. ते वाक्य मी माझ्या सगळ्या आयुष्यात ऐकत आलो आहे आणि ते एकदाही खरं नव्हतं.