चिमाजीच्या राजाच्या पापण्या

मोईजच्या अम्मीचं, म्हणजे बीबीचाचींचं, जुन्नरला शिलाईचं दुकान आहे. शुक्रवारी ते बंद असतं. त्या दिवशी नमाजनंतर कापड बेतायच्या टेबलावर इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध होतं. आम्ही दोघांनीही या देशांपैकी एकही पाहिलेला नाही, पण त्याने कुठल्याच बाजूचं कधी काही अडलं नाही.

मी इंग्लंड. चार वर्षांपूर्वी, लॉकडाऊनमध्ये, मी आणि मोईजने एम-सीलचे शिपाई केले. खाली बाटल्यांची झाकणं, हातात खराट्याच्या काड्यांचे भाले. रंगवायचं काम मोईजचं, कारण त्याचा हात स्थिर आहे. नियम नेटवरून काढले आणि जे कळले नाहीत ते सोडून दिले. मोजायला बीबीचाचींचा कापडी टेप. घोडेस्वार एका डावात सोळा इंच पळतो, तिरंदाजाचा बाण चोवीस इंच जातो, आणि घोडा राजाच्या झाकणाला टेकला की राजा गेला, खेळ संपला.

आळेफाट्याच्या मोबाईलच्या दुकानात मी कामाला आहे. शुक्रवारची सुट्टी मिळावी म्हणून मी मालकाला सांगितलंय की आमच्या घरी शुक्रवार कडक असतो. मालक मला देवीच्या नैवेद्याला बुंदीचे लाडू देतो.

मग चिमाजी आला. ओझरचा. अवसरीला मोईजच्या वर्गात इंजिनिअरिंगला. त्याने फ्रान्स विकतच आणला, धातूचा, फोमच्या डब्यात. चाचींना पेरू आणले. चाची त्याला 'चिमाजी बेटा' म्हणतात. मला 'ए कपिल' म्हणतात. आणि मोईजने त्याचा राजा रंगवला तेव्हा त्याला पापण्या काढल्या.

माझ्या राजाला पापण्या नाहीत. चार वर्षं तो उघड्या डोळ्यांनी लढतोय. मी कधी बोललो नाही.

चिमाजीने आणखी एक वस्तू आणली, स्टीलचा टेप. त्याने तो चाचींच्या टेपशेजारी धरला, तेव्हा कळलं की चाचींचा टेप वापरून वापरून ताणलाय. सोळा इंचांना अर्धा इंच जास्त.

"अम्मी, तुझं माप चुकतंय!" मोईज ओरडला.

"माणूसबी त्याच टेपनं मोजते, कापडबी त्याच टेपनं कापते," चाची मशीनवरून म्हणाल्या. "आजवर एक ब्लाऊज परत आला न्हाई."

तरी मोईजने ठरवलं, यापुढे स्टील. त्या शुक्रवारी माझे सगळे बाण फ्रान्सच्या अलीकडे पडले.

खरी गोष्ट याच्यापुढची. पुण्यात जोडीने खेळायची स्पर्धा होती. मोईजला एक भिडू न्यायचा होता. चार वर्षांचा भिडू समोर बसलेला असताना तो म्हणाला, "तुमी दोघं खेळा. जो जिंकंल तो माझ्याबरोबर."

सामन्याच्या शुक्रवारी मी अर्धा तास आधी गेलो आणि चिमाजीने तिथेच ठेवलेला स्टीलचा टेप खिशात घातला. पँट चाचींनीच शिवलेली.

"ए कपिल, खिशात कांदा हाय का?"

"मोबाईल आहे, चाची."

"गोल?"

"नवीन मॉडेल."

टेप सापडेना. मोईजने कातरणांचं पोतं उपसलं. चिमाजी म्हणाला, "राहू दे राव. चाचींचाच घेऊ. दोघांनाबी तेच माप." असा माणूस. त्याच्यावर नीट चिडताही येत नाही.

पहिल्याच डावात माझ्या तिरंदाजांनी ताणलेल्या चोवीस इंचांवर त्याचे तीन घोडे मारले. मी मनात पुण्याची पिशवी भरली. दुसऱ्या डावात चिमाजीने चौथा घोडा उचलला, टेप लावला, सोळावर नेऊन ठेवला. टिक. माझ्या राजाचं झाकण.

"राजा गेला," मोईज म्हणाला. लगेच म्हणाला. विचार करायला एक सेकंदसुद्धा घेतला नाही.

अर्धा इंच. फक्त अर्धा इंच, आणि तो माझ्या खिशात होता.

आता शहाण्या माणसाने गप्प घरी जायचं असतं. मी मोईजकडे बघितलं. तो चिमाजीच्या पाठीवर थाप मारत होता.

मी खिशात हात घातला.

"अरे," मी म्हणालो, "हा कसा काय इथं?"

मशीन थांबलं.

"सापडला!" चिमाजी म्हणाला. "बरं झालं भाऊ, पप्पांचा व्हता." आणि त्यानेच वाकून मोजलं. घोडा अर्धा इंच अलीकडे. "तुझा राजा वाचला, कपिल."

मोईजने स्टीलचा टेप घेतला आणि माझ्या तिरंदाजांपासून मेलेल्या घोड्यांच्या जागांपर्यंत लावला. एक. दोन. तीन. तिन्ही चोवीसच्या पलीकडे. त्याने तिन्ही घोडे डब्यातून काढून उभे केले. इतिहासात एवढे घोडे एकदम जिवंत झाल्याचं मी तरी वाचलेलं नाही. त्यातला एक डावीकडून निघाला आणि स्टीलच्या टेपने, अगदी खऱ्या सोळा इंचांत, माझ्या राजाला टेकला.

"आता झालं?" मोईजने विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

"टेप का लपवलास?"

सांगण्यासारखं बरंच होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "माझ्या राजाला पापण्या नाहीत."

चाची मशीनमागे खोकल्या. तो खोकला नव्हता.

रविवारी ते दोघं पुण्याला गेले. मी दिवसभर मोबाईलला काचा चिकटवल्या, त्यातल्या चार बुडबुड्यांसकट. पुढच्या शुक्रवारी जायचं नाही असं ठरवून मी अडीचला पोचलो. मोईज एकटाच होता. ते पहिल्याच फेरीत हरले होते. त्याचं मला वाईट वाटलं, साधारण चार सेकंद.

मोईजने माझा राजा चिमटीत धरला होता आणि ब्रशचा एकच केस रंगात बुडवून काम चाललं होतं. मग त्याने राजा माझ्यासमोर ठेवला. डाव्या डोळ्याला पापण्या होत्या.

"उजवा?"

"पुढच्या शुक्रवारी. न्हाईतर तू यायचा न्हाईस."

मी राजाकडे बराच वेळ पाहिलं. तो डोळा मारतोय असं वाटत होतं.

"चिमाजीच्या राजाला," मी म्हणालो, "दोन्ही एकाच दिवशी काढल्या व्हत्यास."