मतपेटीची फट किती असावी

विषय : मतपेटीची फट, मतदानाचा शिक्का व शाईचे पॅड यांचे मोजमाप ठरवून मिळणेबाबत.
संदर्भ : श्रीमती लालीबाई देवसिंग आडे यांचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी वर उल्लेखिलेली मतपेटी असून स्वतः बोलत आहे.

एवढं लिहून झालं की पुढे साधं बोलायला हरकत नसते. माझं आयुष्य कचेरीत गेलं, त्यामुळे सुरुवात अशी केल्याशिवाय तोंड उघडत नाही. तसं माझं तोंड फार मोठं नाही, आणि तेच या प्रकरणाचं मूळ आहे.

माझा जन्म दिग्रसचा. बसस्टँडजवळ एक टीनवाला होता. त्याने माझ्या आधी एक कूलर केला आणि माझ्यानंतर धान्याची कोठी. पत्रा तिघांचा एकच, नशीब वेगवेगळं. कूलर एका सोनाराच्या घरी गेला, कोठी एका शेतकऱ्याकडे. मला हिरवा रंग लावून एका सहकारी जिनिंग संस्थेच्या कचेरीत आणून ठेवलं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण प्रकरण चालू आहे. दोन कुलपं, दोन किल्ल्या. एक किल्ली सचिव मारोतरावांकडे, दुसरीही मारोतरावांकडेच. सुरक्षिततेची व्यवस्था पहिल्या दिवसापासून अशी चोख होती.

पहिली निवडणूक झाली तेव्हा माझी फट चांगली रुंद होती. मोजणीला मला उघडलं, तर मतदानाला जेवढे लोक आले त्याहून मतं जास्त निघाली. काही मतपत्रिका पाच-सहा जणी मिळून एकाच घडीत बसल्या होत्या, एकत्र कुटुंबासारख्या. अध्यक्ष म्हणाले, "हे सभासदांचं संस्थेवरचं प्रेम हाये." पण कोणीतरी तक्रार केली. वरून पत्र आलं की मतदान सुरक्षित आणि अचूक व्हावं म्हणून साहित्याची मानकं ठरवा. मग उपसमिती नेमली गेली. तिची पहिली बैठक मला टेबलावर मधोमध ठेवून भरली, त्यामुळे जे झालं ते मी जवळून पाहिलं.

बैठकीला अध्यक्ष होते, मारोतराव होते आणि निवडणूक अधिकारी म्हणून आलेले भीमराज साहेब होते. भीमराज साहेब बाभुळगावचे. माणूस नियमाने चालणारा. रस्ता रिकामा असला तरी डाव्या बाजूनेच जाणारा.

"फट किती ठेवाची?" मारोतरावांनी विचारलं.

"गड्डी जाऊ नये एवढी," अध्यक्ष म्हणाले.

"गड्डी म्हणजे किती?"

"ते मले काय मालूम? मी टाकली होती काय?"

सगळ्यांनी चहा संपवला.

मग भीमराज साहेब म्हणाले, "फट लहान करा, माही ना नाही. पण मंग कागद चार पदरी घडी करूनच आत जाईन. ओली शाई घडीत पलीकडं उठन. तवा शिक्काबी बदला. तुमचा शिक्का गोल, मधी फुली. उलटा उठला तरी तसाच दिसते. विधानसभेच्या शिक्क्याचे टोकं एका बाजूनं वळले राहते. घडीत उलट उठला तर उलट दिसते. मारलेला कोणता अन् उठलेला कोणता, पाहताच समजते."

"साहेब, शिक्का मागच्याच साली नवा केला. मस्त चालून राह्यला," मारोतराव म्हणाले.

"चालते हो, पण..."

"चालते ना? मंग चालू द्या. आज फटीचा विषय हाये, फटीवर बोलू."

शिक्क्याचा विषय पुढच्या बैठकीवर ठेवला. पुढच्या बैठकीला गणपूर्ती झाली नाही. त्याच्या पुढची बैठक अजून व्हायची आहे.

फटीची लांबी मात्र त्याच दिवशी ठरली. कचेरीतली मोजपट्टी कोणीतरी घरी नेली होती. तेव्हा ठरावात लिहिलं गेलं : 'अध्यक्षांच्या दोन अंगठ्यांच्या रुंदीइतकी.' टीनवाला आला त्या दिवशी अध्यक्ष दारव्ह्याला लग्नात होते. काम अडू नये म्हणून मारोतरावांचे अंगठे वापरण्यात आले. मारोतराव किरकोळ अंगाचे होते. माझ्या फटीवर पत्र्याची पट्टी बसली आणि त्या दिवसापासून मला ओठ आवळून बसायची शिस्त लागली. सुरक्षितता झाली. अचूकता नंतर पाहू, असं ठरलं.

आता लालीबाईंबद्दल. लालीबाई दिग्रसपासून थोड्या लांबच्या एका बंजारा तांड्यावरच्या. सभासदत्व त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं. कापसाच्या दिवसांत संस्थेत सरकारी खरेदी चालायची, तेव्हा फाटकापासून रस्त्यापर्यंत बैलगाड्यांची रांग लागायची. रांग होती, पण वजनकाट्यावर जायचा क्रम रांगेप्रमाणे नव्हता. फाटकावरच्या माणसाची ओळख असेल त्याची गाडी पुढे, तांड्याच्या गाड्या शेवटी. समोर कडुनिंबाखाली खाजगी व्यापारी खाटा टाकून बसलेले असत आणि अधूनमधून येऊन फार आपुलकीने विचारत, "लागला काय नंबर?" भाव आधीच पडलेला. एखादी हलकी सर आली तरी गाडीतला कापूस पिवळा पडायचा आणि ग्रेड उतरायचा. मग माणूस कंटाळून निंबाखालीच गाडी वळवायचा.

एकदा लालीबाई फाटकावर भांडल्या. कचेरीच्या खिडकीतून मला सगळं ऐकू आलं.

"आमी कालपासून उभे हावो. हा आत्ता आला अन् आत गेला. काहून?"

फाटकावरचा म्हणाला, "तुमाले थांबाची सवय हाये ना बाई. तुमच्या लोकाईचं तर पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावरच चालू होतं."

लालीबाईंनी त्याला शिवी दिली नाही. त्या कचेरीत आल्या आणि महिला राखीव जागेसाठी अर्ज कधी भरायचा ते विचारलं. त्यांचं आश्वासन एकच होतं : जो आधी येईल त्याची गाडी आधी काट्यावर, आणि हे फाटकावर फळा लावून लिहायचं. समोर उभ्या होत्या अध्यक्षांच्या भावजय धुरपताबाई. त्या वाईट नव्हत्या. त्यांना उभं केलं होतं, एवढंच.

मतदान एप्रिलमध्ये झालं. यवतमाळ जिल्ह्यातला एप्रिल. मी पत्र्याची असल्यामुळे त्याबद्दल अधिक बोलत नाही. सकाळी दिग्रस गावातले सभासद आले. पॅड उन्हानं सुकलेलं होतं, शिक्का फिकट उमटत होता. लोकांनी हलकीशी घडी घातली, मत माझ्या तोंडात सरकवलं आणि गेले. दुपारी मारोतरावांनी पॅडला बोट लावून पाहिलं, बोट कोरडंच राहिलं. त्यांनी बाटलीतली उरलेली सगळी शाई ओतली, वरून ग्लासातलं पाणीही टाकलं. पॅडचं तळं झालं. आणि त्याच वेळी तांड्याची जीप आली.

धुरपताबाई ओसरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "लालीबाई, उन्हात उशीर झाला बाप्पा. सांगतलं असतं तर आमची जीप धाडली असती."

"तुमच्या जीपीत बसले असते तर मत बी तिच्यातच बसून राह्यलं असतं ना बाई," लालीबाई म्हणाल्या. दोघीही हसल्या.

तांड्याची माणसं एकेक करून आत येऊ लागली. एका म्हातारीचा हात शाईने माखला, तेव्हा मागे उभी असलेली तिची लेक म्हणाली, "याडी, शिक्का कागदावर मार, आंगावर नको, तुह्यावर पहिलेच लय गोंदलेलं हाये." आणि मारोतराव प्रत्येकाला ओरडून सांगत होते, "घडी करा! बारीक करा! फट लहान हाये!"

सांगायची गरज नव्हती. कापूस विकणाऱ्या माणसाला कागदाची घडी कशी घालायची हे सांगावं लागत नाही. ग्रेडर कापूस पाहून जी चिठ्ठी देतो, ती हरवली तर सगळंच हरवलं. म्हणून ती चार पदरी करायची, कशावर तरी ठेवून अंगठ्याने दाबून बसवायची आणि पागोट्यात किंवा कमरेला खोचायची. तांड्यानं मताचीही तशीच घडी घातली. कागद माझ्याच झाकणावर ठेवला, अंगठ्याने करकचून दाबला आणि मग आत सोडला. त्या दुपारचे सगळे अंगठे मला कळले. इतक्या काळजीनं दिलेली मतं माझ्या पोटात त्याआधी आली नव्हती.

मतपत्रिकेवर दोन नावं होती. वर धुरपताबाई, चिन्ह कंदील. खाली लालीबाई, चिन्ह सूप. बरोबर मधोमध घडी.

मोजणीला भीमराज साहेबांनी पहिली मतं उलगडली, ती सकाळची. व्यवस्थित होती. मग तांड्याची निघू लागली. सुपावर शिक्का, आणि घडीच्या पलीकडे कंदिलावरही शिक्का. दोन्ही गोल, दोन्हीत फुली, दोन्ही सारखे गडद. साहेबांनी चष्मा पुसला. दुसरी उलगडली, तीही तशीच. टेबलावर 'रद्द' असं लिहून कागद ठेवला होता, त्याच्यामागे ढीग वाढत गेला.

लालीबाई टेबलाशी आल्या. "साहेब, हे काय करून राह्यले?"

"दोन शिक्के आहेत, बाई. मत बाद होते."

"दोन कोणी मारले? घडी घालून पाहा. एकावर एक बसते की नाही?"

साहेबांनी एका मतपत्रिकेची घडी पुन्हा घातली. एकावर एक बरोबर बसलं.

"बसते," ते म्हणाले.

"मंग?"

"पण मारलेला खालचा का वरचा, हे मले कसं समजन? दोन्ही एकसारखे. उलट-सुलट ओळखू येईन असा शिक्का असता तर एका नजरेत सांगतलं असतं."

"तुमाले नाही समजत? खरंच नाही समजत?"

भीमराज साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मले समजते, बाई. तुमची जीप कवा आली ते म्या पाह्यलं, अन् शाई कवा ओतली तेबी पाह्यलं. पण माह्या समजण्यावर मत मोजता येत नाही. आज तुमच्या बाजूनं समजलं, उद्या दुसऱ्या कोणत्या साहेबाले कोणाच्या बाजूनं समजन, त्याचा काय नेम? ते नियमात दिसाले पायजे."

देवसिंग, लालीबाईंचे पती, दाराशी उभे होते. ते म्हणाले, "साहेब, आमच्या नंबरचंबी असंच हाये. सगळ्याईले दिसते, नियमात दिसत नाही."

धुरपताबाई निवडून आल्या. त्यांचं मताधिक्य रद्द ढिगाच्या मानाने फारच लहान होतं. त्यांनी एकदा त्या ढिगाकडे पाहिलं, मग दिरांनी पुढे केलेला हार गळ्यात घालून घेतला.

भीमराज साहेबांनी मात्र एक गोष्ट केली. रद्द मतं त्यांनी माझ्यात परत ठेवली, कुलपांवर लाख ओतली, दोन्ही उमेदवारांच्या सह्यांची कागदी पट्टी लाखेत चिकटवली आणि या वेळी एक किल्ली स्वतःकडे ठेवली. लालीबाईंना म्हणाले, "अर्ज करा. फट, शिक्का, पॅड, तिन्हीचं मानक ठरवून मागा. अन् त्या मानकानं हे मतं एकदा पुन्हा पाहावे, असं लिहा. मी माहा अभिप्राय जोडतो." त्यांनी तो जोडला. नंतर त्यांची बदली झाली. ती वेळेवरचीच होती असं म्हणतात.

लालीबाईंनी अर्ज केला. वरच्या कार्यालयाने कळवलं की उपसमितीने मानकं ठरवल्यावर अर्जाचा विचार करू. उपसमितीने कळवलं की अर्जावर निर्णय झाल्यावर मानकं ठरवू. दोन्ही पत्रं अत्यंत नम्र भाषेत होती. पाच वर्षांनी संचालक मंडळाची मुदत संपली, तेव्हा प्रश्न निघाला की मानकं ठरल्याशिवाय नवीन मतदान कोणत्या साहित्यावर घ्यायचं? घेता येत नाही. म्हणून जुनं मंडळच काळजीवाहू म्हणून पुढे चालू राहिलं. काळजी ते अजूनही वाहत आहेत.

फाटकावर फळा लागला नाही. तांड्याच्या गाड्या शेवटीच राहिल्या. मग सरकारी खरेदी आटली, गाड्यांची रांग आखूड झाली, आणि आखूड रांगेतसुद्धा शेवट असतोच.

लालीबाई दर हंगामात येतात. आधी माझ्या लाखेतल्या पट्टीवरची आपली सही पाहतात, मग मारोतरावांकडे वळतात. मागच्या वेळी मारोतराव म्हणाले, "आता कायले येता, लालीबाई? जिनिंगच बंद पडाले आली. निवडून येऊन काय करसान?"

"मले कुठं निवडून याचं हाये आता? त्या मतांतल्या तीन-चार म्हाताऱ्या तर गेल्या. त्याईनं मत कोणाले देल्लं ते तर मोजा. का तिथंबी नंबर शेवटीच?"

मारोतरावांनी त्यांच्यासाठी चहा मागवला.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. मला दोन कुलपं आहेत आणि ती दोन्ही शाबूत आहेत. चोरीच्या दृष्टीने माझ्याइतकी सुरक्षित पेटी तालुक्यात नसेल. पण आत आलेलं मत बाहेर निघताना ज्याचं होतं त्याचंच राहिलं पाहिजे, हे कोणत्याही कुलपाला जमत नाही. त्यासाठी काही माणसांनी एकत्र बसून, मोजून, लिहून ठरवावं लागतं, आणि तेही मतदानाच्या आधी. वाचकांपैकी कोणी कधी अशा समितीवर गेलंच, तर फटीचा विषय निघाल्यावर शिक्क्याचाही काढावा, आणि कोणी 'चालून राह्यला' म्हणालं तर बैठक संपवू नये. आणि मला उघडाल त्या दिवशी लालीबाईंना आधी निरोप धाडावा. तांडा लांब आहे, जीप मिळायला वेळ लागतो.

सद्यस्थिती : उपसमितीची बैठक झालेली नाही. लाख शाबूत आहे. अर्जदार हयात आहेत. अर्ज प्रलंबित आहे.