वळणावरचा ओटा

"मावशी, हे टोक अंगठ्यानं घट्ट दाबून धरा," असं म्हणत वाहतूक कंपनीच्या रतिलालनं लोखंडी टेपचं टोक बेबाबाईच्या हातात दिलं आणि टेप उलगडत तो रस्ता ओलांडून समोरच्या मारुतीच्या देवळाच्या भिंतीपर्यंत गेला.

बेबाबाई ओट्याच्या कडेला उकिडवी बसली. ज्वारी पाखडता पाखडता ती उठून आली होती. कोंडा अजून मनगटाला चिकटलेला होता. तिनं अंगठा इतका दाबला की नख पांढरं पडलं. रतिलालनं आकडा वाचला, टोपी काढून डोकं खाजवलं, पुन्हा वाचला.

"सोडा आता!" तो पलीकडून म्हणाला.

तिनं सोडलं नाही. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. मग टेप सळसळत रस्त्यावरून सरपटत गेली आणि रतिलाल परत येऊन तिच्या शेजारी ओट्यावरच टेकला.

"वाईट वाटून घेऊ नका, मावशी. ओटा फोडावा लागेल. तीन फूट कमी पडतात, आणि देवाच्या भिंतीला तर हात लावता येत नाही."

"नही," बेबाबाई म्हणाली.

विचार करून म्हणाली असं नाही. तव्यावरून चटका बसलेला हात मागे यावा, तसा तो शब्द आला.

ज्याच्यासाठी हे माप चाललं होतं, तो हौदा गावाबाहेरच्या चिंचेखाली उभा होता. कोळशाच्या खाणीत चालणाऱ्या एका डंपरचा नुसता हौदा. मुंबईच्या बंदरात जहाजातून उतरलेला, नागपूरच्या पुढे कुठेतरी जायचा. त्या डंपरची चाकं, इंजीन, सांगाडा असं बाकीचं सगळं निरनिराळ्या गाड्यांवर आधीच पुढे गेलं होतं. हा पिवळाजर्द हौदा लांबलचक ट्रेलरवर साखळ्यांनी जखडलेला, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. बेबाबाईचं दोन खोल्यांचं घर छपरासकट त्यात मावलं असतं. मोठ्या रस्त्यावरच्या नव्या पुलाच्या कठड्यांमधून तो जाईना. तेव्हा बांधकाम खात्याच्या साहेबांनी परवानगी दिली ती सावरखेड्यातल्या जुन्या रस्त्याची. गावातून जा, नदीतली फरशी, म्हणजे बसका पूल, ओलांडा, तिला कठडेच नाहीत. पलीकडे पुन्हा मोठा रस्ता धरा. नदी ठणठणीत कोरडी होती. अडसर राहिला होता तो बेबाबाईच्या दारातल्या वळणाचा.

एकोणनव्वद सालचा तो उन्हाळा. काही वर्षांपूर्वी, नवा पूल होण्याआधी, धुळ्याहून पारोळ्याकडे जाणारी प्रत्येक एसटी याच वळणावर थांबायची. थांब्याची पाटी कधी नव्हतीच. बेबाबाईचा ओटा हाच थांबा. बायका गाठोडी टेकवत, लेकरांना पाजत, पाणी मागत. कुणी पिशवी ठेवून बाजाराला जाई आणि संध्याकाळच्या गाडीला घेऊन जाई. धुळ्याच्या दवाखान्यात कोण बरं झालं, कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या केळीवर वारं फिरलं, हे सगळं तिला ओट्यावर बसल्या बसल्या कळे. मग पूल झाला. गाड्या तिकडून जाऊ लागल्या, थांबा फाट्यावर गेला. त्याच वर्षी तिचा नवरा जीवराम वारला. दोन्ही लेकी सुरतेकडे दिलेल्या. ओटा सारवायचा नेम तिनं सोडला नाही. पण सारवलेल्या ओट्यावर आता पाऊल उमटे ते कुत्र्याचं.

संध्याकाळी सरपंच तोताराम आबा आले, बरोबर चार माणसं घेऊन.

"बेबाअक्का, काय मांडं शे हाई? बठ्ठं गाव हासी राहिनं. दगडं तर शेत, दुसरं काय?"

"दगडं मनी शेत, गावनी नही."

"आपला झुलाल गवंडी तुले व्हता तसाच बांधी दी. मी सांगस ना."

"चहा ल्या, आबा."

तोताराम आबांनी चहा घेतला, बरोबरच्यांनीही घेतला. रतिलाल होताच. ट्रेलरबरोबरची दोन माणसं घुटमळत होती, त्यांनाही तिनं बोलावलं. कप कमी पडले, तेव्हा शेजारच्या सुंदरबाईला हाक मारावी लागली. सुंदरबाई कप द्यायला आली ती बसलीच. दिवेलागण झाली तरी ओट्यावर माणसं होती, आणि जो तो बेबाबाईला समजावत होता.

दुसऱ्या दिवशीही तिनं नाही म्हटलं. पण कालचं नाही आणि आजचं नाही यांत फरक होता. आजचं तिनं जरा सावकाश, तोंडात घोळवून म्हटलं.

मग ते रोजचंच झालं. रतिलाल सकाळी जीप घेऊन येई, हात जोडी, भरपाईचं सांगे, हौदा अडला म्हणून धुळ्याच्या ऑफिसात फोनवर मालक काय काय बोलतो ते ऐकवी.

"रोज शिव्या खातो मावशी, तुमच्या ओट्यापायी."

"तठे शिव्या खाय, अठे भाकर खाय. बस."

तो बसे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा त्याला आवडू लागला होता. विजेच्या तारा वर उचलण्यासाठी लांब बांबू घेऊन ट्रेलरपुढे चालणारी माणसं घराच्या सावलीत ओट्यावर लवंडत. गावातले म्हातारे येऊन सल्ले देत. कुणी म्हणे हौदा उभा करून न्या, कुणी म्हणे मारुतीलाच विचारून पाहा, जरा मागे सरकतो का. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे दिवस होते. सुंदरबाईनं ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचं पातेलं आपल्या अंगणातून उचललं आणि बिबडे थापायला ती इथेच येऊन बसली. तिच्या मागून आणखी दोघी आल्या. इथे बसलं की येणारं-जाणारं दिसे.

एका संध्याकाळी बेबाबाईला वाटलं, आपला घसा दुखतोय. तिनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. बोलून बोलून दुखतोय, हे तिच्या फार उशिरा ध्यानात आलं.

एकटा दिलवरसिंग काही बोलत नसे. हौद्याचा ट्रेलर ओढणारी गाडी तो चालवी. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा माणूस. ओट्याच्या टोकाला पाय खाली सोडून तो उत्तरेकडे बघत बसे. भाकरी वाढली की खाई, ताट स्वतः घासून पालथं घाली. ओटा फोडू द्या, असं त्यानं एकदाही म्हटलं नाही. म्हणून एका दुपारी बेबाबाईनंच त्याला विचारलं.

"तुले नही का रे घाई, भाऊ?"

"घाई शे, माय." तो ओशाळं हसला. "पण तुम्हाला सांगून काय करू?"

"सांग ना. माले बठ्ठाच सांगतस."

"हौदा खाणीवर उतरवला की मला सुट्टी. घराची कौलं चाळायचीत, पाऊस लागायच्या आत."

"घरमा कोणी नही का?"

"बायको आहे, नानी. पोरं लहान. नानीचा एक पाय अधू, तिला वर चढता येत नाही. मागच्या सालीपण मी असाच रस्त्यात अडकलो. सगळा पावसाळा ती पोरांना घेऊन एका कोपऱ्यात बसून राहिली. तेवढाच कोपरा कोरडा होता. मी घरी गेलो तर भांडली नाही, माय. मला तो कोपरा दाखवला, बस."

"आते वाट देखत व्हई."

"देखत व्हई. खालच्या रस्त्यावर गाडी वाजली की दारात येऊन उभी राहते, असं निरोप आणणारा सांगत होता. कुणाचीपण गाडी असो."

बेबाबाई बिबडा थापत होती. तो मधेच फाटला. तिनं पाण्याचं बोट लावून तो सांधला, कापडावर टाकला, दुसरा गोळा घेतला आणि तसाच परातीत ठेवून दिला. उठून ती घरात गेली. काही आणायला गेली म्हणावं, तर हातात काही न घेता बाहेर आली. रतिलाल जीपमध्ये टोपी तोंडावर घेऊन पडला होता.

"रतिलाल," तिनं हाक मारली. "झुलालले बलाव."

सुंदरबाईचे हात पिठात तसेच राहिले.

"अक्का, काय व्हयनं?"

"काय व्हई? दगडं तर शेत," बेबाबाई म्हणाली आणि बिबड्यांचं कापड उचलू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुलालनं पहारीनं ओटा मोकळा केला आणि दगड घराच्या कडेला नीट रचून ठेवले. गावाची वीज बंद करण्यात आली. बांबूवाले पुढे झाले, आणि चिंचेखालचा तो पिवळा डोंगर हलला. सारं गाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना जमलं होतं. मारुतीपुढे नारळ फुटला. रतिलाल उलटा चालत दोन्ही हातांनी खुणा करत होता. त्याचा आवाज चिरकला होता.

बेबाबाई दाराच्या आत उभी राहिली. दिलवरसिंगची गाडी समोरून गेली. तो बाजूच्या आरशातून नजर काढत नव्हता. मग हौदा आला आणि घरात अंधार झाला. भर सकाळी चूल, माठ, जीवरामचा फोटो, काही दिसेना. दारभर नुसता पिवळा पत्रा सरकत होता. तिनं हात लांब केला असता तर लागला असता. तो सरकत राहिला, सरकत राहिला, आणि मग एकदम ऊन आत आलं.

जाताना हॉर्न वाजेल, असं तिला वाटलं होतं. वाजला नाही.

हौदा फरशी कशी ओलांडतो ते बघायला गाव नदीकडे धावलं. तिकडून आरडाओरडा आला, टाळ्या आल्या, मग इंजिनाचा आवाज लांब लांब होत गेला. माणसं नदीवरूनच आपापल्या वाटेनं पांगली. सुंदरबाई तेवढी आली, आपले कप मोजून घेऊन गेली. तिच्याकडे पाहुणे यायचे होते.

रतिलाल ट्रेलरला पलीकडच्या मोठ्या रस्त्याला लावून परत आला, बोलल्याप्रमाणे झुलालला घेऊन. बरोबर तोताराम आबाही होते. बेबाबाई उंबऱ्यावर बसली होती. ओटा गेल्यामुळे तिचे पाय खाली लोंबत होते, जमिनीला टेकत नव्हते.

"मावशी, एक ऐका," रतिलाल म्हणाला. "असे आणखी तीन हौदे बंदरात पडलेत. पावसाच्या आत सगळे याच रस्त्यानं न्यायचेत. मग उगीच बांधायचं आणि फोडायचं कशाला? आज एक लाकडी पायरी करून देतो. शेवटचा हौदा गेला की सिमेंटचा पक्का ओटा बांधून देतो, हलायचा नाही असा."

"आते कशी शानी गोट करी!" तोताराम आबा खूश झाले.

बेबाबाईनं रस्त्याकडे पाहिलं. धुळीत टायरांचे रुंद पट्टे उमटले होते.

"मंग त्या गाड्या थांबतीन नही?"

"कशाला थांबतील? वळणावर जरा हळू, एवढंच. सरळ निघून जातील. तुम्हाला चहाचीपण तसदी नाही."

उंबऱ्याला हात टेकून तिनं स्वतःला खाली सोडलं आणि रचलेल्या दगडांपाशी जाऊन उभी राहिली.

"नही. आजच बांधा."

"अहो, पुढच्या महिन्यात परत फोडायचाय तो!"

"फोडा ना. मी आते नही म्हनाव नही. या, बसा, फोडा, तुमना हौदा ली जा. मंग परत बांधा."

"तीनदा?"

"तीनदा."

तोताराम आबांनी कपाळावर हात मारला. "हाई बाई कोनंच आयकाव नही." आणि ते धोतराचा सोगा झटकत पंचायतीकडे चालू लागले.

रतिलाल तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि झुलालला हातानंच सुरू कर म्हटलं.

झुलालनं ओळंबा काढला. दोरी ताणली, बाह्या सरसावल्या.

"अक्का, सिमेंटनं पोतं शे जीपमा. सिमेंटमा बसाडू ना?"

बेबाबाईनं ढिगातला एक दगड दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे धरला.

"सिमेंट नको," ती म्हणाली. "मातीमाच बसाड."