चौथ्या मजल्यावरची काच

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या दाराआड उभा असलेला मी एक जुना, लांब दांड्याचा वायपर आहे. उभा असतो खरा, पण स्वस्थ कधीच नसतो. खिडकी उघडल्याचा आवाज आला की माझा जीव वरखाली होतो.

एका कारखान्यात नळीत नळी सरकवून माझा दांडा बनला. डोक्याला एका बाजूने रबर, दुसऱ्या बाजूने स्पंज. या घरच्या सुनेने पहिल्याच दिवशी खोलीत उभं राहून माझी मान वाकवली, मला खिडकीबाहेर काढलं आणि काच बाहेरून लख्ख केली. खिडकीलगतच्या पलंगावरून तिचे सासरे म्हणाले, "वा! समोरचं झाड जवळ आल्यासारखं वाटतंय." त्यांचे गुडघे गेले होते. त्यांचं सगळं जग त्या काचेत होतं.

पुढे माझ्या नळ्या जागच्या जागी धरून ठेवणारा खटका झिजला. जोर लावला की दांडा आत सरकायचा. उद्या बघू, उद्या बघू करता करता मी दाराआड पडून राहिलो. रस्त्यापलीकडे बांधकाम निघालं आणि काचेवर धुळीचे थर चढले.

एका सकाळी सासऱ्यांनी विचारलं, "बाहेर धुकं पडलंय का गं?"

"धुकं नाही बाबा, काच मळलीय." ती ओशाळली. तिने मला बाहेर काढलं. मी दोनदा दगा दिला. वैतागून तिने मला भिंतीला टेकवलं, ओलं फडकं घेतलं आणि स्टुलावरून थेट खिडकीत चढली. एक हात चौकटीला, अर्धं अंग बाहेर.

"अगं, खाली उतर!"

"झालंच बाबा, एवढा कोपराच राहिलाय."

फडक्यातलं पाणी पायाखाली ठिबकत होतं. तिची टाच सटकली. मी नुसता बघत राहिलो.

पलंग करकरला. आधाराशिवाय कूस न बदलणारे सासरे दुखऱ्या गुडघ्यांवर उठले, दोन्ही हातांनी तिची कंबर धरली आणि मागे कोसळले. दोघंही पलंगावर आदळली. फडकं तेवढं खाली रस्त्यावर गेलं.

मग सासरे धापा टाकत म्हणाले, "मला झाड नाही दिसलं तरी चालेल गं. तू दिसली नसतीस तर?"

ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. त्याच संध्याकाळी तिने मला दुकानात नेऊन नवा खटका बसवून आणला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची मोडतोड वेळीच दुरुस्त करा. आणि घरातलं कुणी खिडकीत चढताना दिसलं, तर हातातलं काम टाकून त्यांना खाली उतरवा. पाय घरात ठेवून जेवढी पुसता येईल तेवढीच काच पुसावी. राहिलेला कोपरा खुशाल मळका राहू दे.