बघायची की फोटोची

ताईच्या डोळ्यांत मोतीबिंदू इतका हळूहळू वाढत गेला की तिला स्वतःलाही त्याचा पत्ता लागला नाही. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती तीस वर्षं कापड बेतायचं काम करत होती. एकदा बाह्या अर्ध्या इंचानं चुकल्या आणि कापडाचा अख्खा तागा वाया गेला. मालकीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिला त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं.

महिन्याच्या अंतरानं दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. खालच्या मजल्यावर तिचा धाकटा भाऊ राहायचा, एकटाच. पार्सलची गाडी चालवायचा. त्यानं साठवून ठेवलेली सगळी रजा टाकली आणि ताईची देखभाल अंगावर घेतली. दिवसातून चार वेळा तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचा, तेही घड्याळ लावून. स्वयंपाकही तोच करायचा. एक दिवस अळणी, एक दिवस करपलेलं. करपलं की म्हणायचा, "आज जरा खमंग झालंय." ताई मुकाट्यानं जेवायची. डोळे झाकलेल्या माणसानं तक्रार तरी कुठल्या तोंडानं करावी?

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी ती संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली. सहज वर पाहिलं आणि हातातले कपडे तसेच धरून उभी राहिली. आकाशात चांदण्या होत्या, टाचणीच्या टोकाएवढ्या, स्वच्छ. शहरातल्या दिव्यांनी त्या कधीच गिळून टाकल्या, अशी इतकी वर्षं तिची समजूत होती. भाऊ तिला शोधत वर आला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अरे, त्या अजून तिथंच आहेत."

दुर्बीण घ्यायचं त्याच आठवड्यात ठरलं. अडचण एकच होती. शिल्लक होती ती एका दुर्बिणीपुरती, आणि भावाला वेड फोटोंचं. त्याच्याकडे जुना, दुसऱ्याच्या हातून आलेला कॅमेरा होता. जेवताना तो मोबाइलवर रंगीबेरंगी तेजोमेघांचे फोटो बघत बसायचा आणि घास हातातच राहायचा. ताईनं मनाशी पक्कं केलं, दुर्बीण घ्यायची ती फोटोची. आपण काय, नुसत्या डोळ्यांनीही पाहू. ते त्याच्यामुळेच तर परत मिळाले होते.

दुर्बिणी, चष्मे, कॉलेजातले सूक्ष्मदर्शक असं सगळं विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. भाऊ कामावर असताना एका दुपारी ताई एकटीच तिथं गेली. खिडकीत ठेवलेल्या एका चकचकीत खोक्याकडे तिनं बोट दाखवलं. सहाशे पट मोठं दिसेल, असं त्यावर छापलं होतं.

भिंगवाल्यांनी ती दुर्बीण स्टँडवर चढवून रस्त्यापलीकडच्या पाटीवर रोखली, ताईला बघायला लावलं आणि स्टँडला एक बोट लावलं. पाटी अशी थरथरायला लागली की अक्षरं लागेनात.

"खोक्यावरचा आकडा बघू नका," ते म्हणाले. "नळीच्या आतला नळीतला आरसा केवढा आहे ते बघा, आणि बैठक हलते का ते बघा. आता सांगा, हवी कुणासाठी?"

ताईनं सगळं सांगितलं. भाऊ, थेंब, कॅमेरा, काही राखून ठेवलं नाही. म्हातारा ऐकता ऐकता हसायला लागला. ताईला जरा रागच आला.

"तुमचा भाऊ कालच येऊन गेला," ते म्हणाले. "फोटोबिटो काही नको, ताईला नीट दिसलं पाहिजे, म्हणाला. आणि ती फोटोची घ्या म्हणेल, तर तिचं ऐकू नका, असंही बजावून गेला."

भिंगवाल्यांनी तिला स्टूल दिलं आणि नीट समजावलं. तेजोमेघांचे फोटो काढायला आकाशाबरोबर फिरणारी मोटरची जड बैठक लागते, ती दर वेळी जुळवत बसावी लागते, आणि नवशिका माणूस चार दिवसांत कंटाळतो. सुरुवातीला चांदण्यांच्या फोटोला दुर्बीण लागतच नाही. साधा कॅमेरा, न हलणारा स्टँड आणि पंधरा सेकंदांचा धीर पुरतो. चंद्राचा फोटो तर दुर्बिणीला मोबाइल लावूनही निघतो. मग त्यांनी विचारलं, "घर ते गच्ची, जिने किती?"

"एकच."

"मग सहा इंची आरशाची घ्या. नळी एकानं उचलायची, बैठक दुसऱ्यानं. दोघं लागतातच."

शनिवारी दोघं जाऊन ती घेऊन आले. मोटर नाही, वायरी नाहीत. पाटावर ठेवावी तशी ठेंगणी लाकडी बैठक आणि तिच्यावर ताईच्या खांद्याला लागेल अशी पांढरी नळी. संध्याकाळी गच्चीवर मांडली, तेव्हा अर्धा चंद्र डोक्यावर होता. आधी तू, आधी तू, यात पाच मिनिटं गेली. शेवटी भावानं तिला खांद्याला धरून पुढं केलं.

ताई वाकली. आधी नुसता उजेड. मग त्यानं चाक हळूच फिरवलं आणि चंद्र एकदम रेखीव झाला. खड्डे, खड्ड्यांच्या काठावरच्या काळ्या सावल्या, मधोमध उभे डोंगर.

"कडा कशी कापलीय बघ," ती म्हणाली. "एक सूत बाहेर नाही."

चंद्र सरकत सरकत बाहेर गेला. तिनं नळी बोटानं ढकलून त्याला परत आत घेतलं. पुन्हा गेला, पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा तिला दिसेना, कारण डोळे भरून आले होते.

"रडू नकोस," भाऊ म्हणाला. "डॉक्टरांनी चोळायला मना केलंय."

"चोळत नाहीये." ती सरळ उभी राहिली. "तू इतके दिवस ते थेंब घातलेस ना, ते मी कधी बोलले नाही. आज बोलते. तुझ्यामुळे दिसतंय हे मला."

तो मान खाली घालून मोबाइल दुर्बिणीला लावायच्या खटपटीला लागला. तीस फोटो हलले, एकतिसावा लख्ख आला. तो त्यानं ताईला तीन वेळा दाखवला.

पुढं थंडीत त्यानं कठड्यावर कॅमेरा ठेवून चांदण्यांचा पहिला फोटो काढला, पंधरा सेकंदांचा. चांदण्या नीट आल्या, पण कोपऱ्यात ताई धुक्यासारखी फिसकटली होती. तिला पंधरा सेकंद गप्प उभं राहणं जमलं नव्हतं. तो दुसरा काढायला निघाला. ताईनं काढू दिला नाही. हाच छापून आण म्हणाली, दोन प्रती. एक तुझ्या घरी, एक माझ्या.