वॉलवरचा दादरा

लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माळावर नवी घरं उठत होती, नवे साहेब येत होते, पाऊस तेवढा वाट विसरला होता. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. त्या दिवसांत नांदेडच्या इतवाऱ्यातला मोहियोद्दीन मिस्त्री बायकोला, सुलतानबीला, घेऊन लातुरात आला. बापजाद्यांचा धंदा तांब्याचे बंब घडवायचा. नव्या घरांना बंब नको होता. त्यांना बाहेर चुलाण आणि त्याला नळ्यांनी जोडलेली, न्हाणीत भिंतीवरची लोखंडी टाकी हवी होती, तोटी फिरवली की गरम पाणी.

टाकी बंद, म्हणून तिच्यावर दोन वस्तू बसवाव्याच लागत : दाब दाखवणारं काट्याचं गेज, आणि दाब वाढला की आपोआप उघडणारा सेफ्टी वॉल. पहिलं काम कचेरीतल्या माणिकप्पांच्या घरचं. मिस्त्रीनं सांधा गळू नये म्हणून आट्यांवर सूत गुंडाळलं, सफेदा लावला, पान्यानं वॉल आवळला आणि माणिकप्पांच्या बायकोला, उमाबाईला, हाक मारली.

"बाई, काटा लाल रेघेपुढं गेला की जाळ ओढायचा. आन् ह्या वॉलमधून पाणी ठिबकलं तर ठिबकू द्यायचं. तापलेलं पाणी फुगतंय, त्याला जागा लागती."

पंधरा दिवसांनी सुलतानबी उमाबाईकडं शेवया करू लागायला गेली. न्हाणीतून टिप टिप ऐकू येत होतं.

"भाबी, तुमच्या मिस्त्रीनं भिंतीवर रडकं लेकरू टांगून ठेवलंय बघा," उमाबाई म्हणाली. "रोज तांब्याभर जातंय."

"खाली भांडं ठिवायचं की."

"ठेवलं होतं. निम्मं बाहेरच उडतंय."

तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं तुळशीला घालायचे दिवस ते. सुलतानबीला ती टिपटिप सोसेना.

"मग दादरा बांधा की!" ती म्हणाली, आणि दोघी खो खो हसल्या. दादरा म्हणजे लोणच्याच्या बरणीवर बांधतात ते फडकं. सुलतानबीचा दादरा असा, की वर्षभर बरणीत मुंगी शिरायची नाही. हसता हसता तिनं बाभळीची खुंटी वॉलच्या तोंडात बत्त्यानं ठोकली, वरून आपल्या जुन्या हिरव्या ओढणीचं फडकं घातलं, सुतळीचे वेढे दिले आणि तीन गाठी मारल्या. टिपटिप थांबली. दोघींना बरं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी काटा लाल रेघेपुढं गेला. उमाबाई जाळ ओढायला वळली तोच टाकीची शिवण उसवली. उकळतं पाणी तिच्या उजव्या हातावर आणि मानेवर आलं.

मिस्त्री धावत गेला. तासाभरानं परतला. दोन दिवसांत गावभर झालं, नांदेडचा मिस्त्री कच्चा आहे. तीन घरांची कामं ठरली होती; तिघांनीही नको म्हणून सांगितलं. माणिकप्पा दारात येऊन म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या हातानं आमच्या घरात जाळ लावला."

"चूक माझी हाय, साहेब," मोहियोद्दीन म्हणाला. "वॉल जाम बसला माझ्याकडून."

सुलतानबी आत भाकरी थापत होती. थापतच राहिली.

संध्याकाळी त्यानं खिशातून फडकं काढून तिच्यापुढं ठेवलं. हिरवं, भाजलेलं.

"गाठी किती मारल्या होत्या?"

"तीन."

"तीन लई झाल्या," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला. धुतला तो अर्ध्या तांब्यातच.

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भांडी घासली, अंथरूण घातलं. आठ दिवस हात आपले आपण काम करत राहिले. नवव्या दिवशी मिस्त्री नांदेडला परतायची पेटी बांधायला लागला, आणि सुतळी मागितली. तिनं सुतळी दिली. मग चपला घातल्या आणि माणिकप्पांच्या घरी गेली.

उमाबाई इस्पितळातून आली होती. हाताला पट्ट्या. माणिकप्पा शेजारी बसलेले.

"साहेब, वॉल जाम बसला न्हवता," सुलतानबी म्हणाली. "खुंटी मी ठोकली. दादरा मी बांधला. त्यांनी सोडला आन् खिशात घातला."

माणिकप्पांनी बायकोकडं पाहिलं.

"मी बी होते की तिथं," उमाबाई हळू म्हणाली. "नको म्हणले नाही. उलट हसले. आणि नंतर तोंड उघडायचा धीर झाला नाही."

मग माणिकप्पा उठले, सदरा चढवला. "मिस्त्रीकडं जाऊन येतो. ज्या दारात बोललो, त्या दारातच शब्द परत घ्यायला पाहिजे."

बाकीच्या तीन घरांनी तोवर दुसरा माणूस लावला होता. ती कामं परत आली नाहीत. माणिकप्पांची टाकी मात्र मोहियोद्दीननंच पुन्हा बसवली. सूत गुंडाळून, सफेदा लावून, नवा वॉल, नवं गेज. या खेपेला वॉलला वाकडी नळी जोडली आणि तिचं तोंड थेट घागरीत सोडलं.

"हे आधीच सुचायला पाहिजे होतं मला," तो म्हणाला. "दुष्काळात बाई पाणी गळू देईल, असं कसं धरलं मी?"

पहिल्यांदा जाळ लागला तेव्हा सुलतानबी घागरीपाशी बसली होती. काटा लाल रेघेच्या अलीकडं थांबला. नळीतून थेंब सुटला. तिनं हात पुढं केला. थेंब तळव्यावर पडला, मग दुसरा.

"भाबी, पोळंल," उमाबाई म्हणाली.

"न्हाई," सुलतानबी म्हणाली. "ह्या हाताला त्या दिसापासून काहीच कळंना झालंय."