वीज मात्र हातानं

आमच्या अंगणावरून एक काळी वायर जायची. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघून, कपड्यांच्या दोऱ्या आणि शेजाऱ्याचा कबुतरखाना ओलांडून ती समोर तिसऱ्या मजल्यावर गिन्टरकाकांच्या घरात शिरायची. श्लोंस्क या आमच्या कोळसाखाणींच्या प्रांतातल्या लाल विटांच्या सगळ्याच वस्त्यांत तेव्हा अशा वायरी लोंबायच्या. इंटरनेट महाग, शेजारी फुकट. आई त्या वायरीवर मोजे वाळत घालायची आणि बाबा ओरडायचे, "अगं, माझ्या सैन्यावर मोजे नकोत!"

आता ती वायरही नाही आणि तिच्या दोन्ही टोकांची माणसंही नाहीत. त्या रविवारांची मला फार आठवण येते.

बाबा आणि गिन्टरकाका जन्मभर एकाच कोळशाच्या खाणीत, एकाच पाळीत. निवृत्त झाल्यावर दोघं कबुतरं पाळतील असं बायकांना वाटलं होतं. पण काकांच्या पुतण्यानं कॉम्प्युटरवरचा एक युद्धाचा खेळ आणून दिला, किल्ले, फौजा, मांत्रिक असलेला, आणि दोघं कामातून गेले. रविवारी चर्च, मग घरी रोलादा म्हणजे गोश्ताच्या भरल्या गुंडाळ्या, बटाट्याचे गोळे, लाल कोबी, आणि ताट उचललं की त्या वायरीवरून एकमेकांशी लढाई. "देवाला भेटून येतात आणि लगेच रक्तपात," आई म्हणायची.

घोटाळा बाबांच्या बोटांचा होता. इतकी वर्षं हातात थरथरणारं ड्रिल धरून बोटांतला जीवच गेला होता. थंडीत ती पांढरीफटक पडायची, हातातून कप सुटायचा. खेळात शिपाई आपले आपण लढतात, पण मंत्र टाकायला हात चपळ लागतो: मांत्रिक निवडा, मंत्राचं चित्र दाबा, मग जखमी शिपायावर माऊस नेऊन दाबा. बाबांचा माऊस तिथं पोचेपर्यंत शिपाई स्वर्गात पोचलेला असायचा.

तरीही बाबा जिंकत होते. दर रविवारी.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. "उला, इकडे ये. बघ."

पडद्यावर गिन्टरकाकांची अख्खी फौज पुलावर उभी होती. पुढे कोणी नाही, तरी हलत नव्हती.

"कशाची वाट बघतायत ते?" मी विचारलं.

"माझ्या बोटांची," बाबा म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. "मारायचं तर मार म्हणावं. ही भीक नको मला."

पुढचे रविवार ते आईच्या मागे मागे फिरत राहिले. बटाटे सोलायला घेतले तर अर्धा बटाटा सालाबरोबर गेला. ज्या खेळाला आईनं एवढ्या शिव्या घातल्या, त्याच्यासाठी तीच मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "तू ते काय काय बनवत असतेस ना? मग बनव काहीतरी. हा माणूस वाळत चाललाय गं."

मी तेव्हा तांत्रिक शाळेत होते आणि अभ्यास सोडून खेळात फेरफार करत बसायचे. स्वतःचे नकाशे आणि मंत्र रचायचं साधन खेळाबरोबरच मिळायचं. मंत्र आपोआप चालवायची एक युक्ती आम्हा सगळ्या उपद्व्यापी पोरांना ठाऊक होती: नकाशावर एक अदृश्य शिपाई ठेवायचा. जवळपास कोणी जखमी झाला की आपला कोड त्या शिपायाला हुकूम देतो आणि मांत्रिकाच्या वतीनं तो मंत्र टाकतो. मंत्र आपोआप चालू असला की त्याच्या चित्राभोवती सोनेरी कडं फिरतं.

"आपोआप?" बाबा म्हणाले. "मग मी काय करू, खुर्ची गरम?"

"लढाई तुम्हीच लढा. बोटांचं काम तेवढं तो करेल."

"तो कोण?"

"अदृश्य माणूस."

"जेवायला येतो का?"

"नाही."

"मग असू दे."

दोघांकडे तोच नकाशा हवा, म्हणून मी सीडी घेऊन समोर गेले. गिन्टरकाकांनी मला हिल्डाकाकूंनी केलेला केक दिला आणि खिडकीकडे बघत बसले.

"काका, बाबांना कळलंय."

"कळणारच. गाढव आहे, पण आंधळा नाही." मग हळूच म्हणाले, "पोरी, कप पडतो ना त्याच्या हातातून, तेव्हा तो माझ्याकडे बघतो. मी पाहिलं की नाही ते बघायला. अशा माणसाला कसा मारू?"

"आता मारा. बाबांचे मंत्र आपोआप चालतील."

"मारीन हं मी. मग रडायचं नाही."

पहिल्या चाचणीतच माझी फजिती झाली. 'फक्त आपल्या बाजूचे' ही अट लिहायची मी विसरले होते. बाबांचे मांत्रिक शत्रूच्या जखमींनाही बरं करत सुटले. समोरची खिडकी उघडली. "गेरार्ड! माझ्या घोडेस्वाराला मलमपट्टी केलीस रे! देव तुझं भलं करो!"

"फुकट्या!" बाबा ओरडले. "खाणीतून पण तुला मीच बाहेर ओढला होता!" कित्येक दिवसांनी ते हसले. मग मला म्हणाले, "दुरुस्त कर, नाहीतर सवय लागेल त्याला."

मी दुरुस्त केलं. खरी लढाई सुरू होण्याआधी बाबांनी शत्रूवर वीज पाडणाऱ्या मंत्राकडे बोट दाखवलं. तिथंही कडं फिरत होतं.

"ही बंद कर. वीज मी हातानं टाकणार."

"अहो, पण का?"

"सगळंच आपोआप झालं, तर हरल्यावर शिव्या कुणाला घालू?"

मी बंद केली.

या वेळी गिन्टरकाका पुलावर थांबले नाहीत. त्यांची फौज थेट अंगावर आली. बाबांचे मांत्रिक भराभर जखमा भरत होते, बाबा ओठ चावून शिपायांच्या फळ्या हलवत होते, आणि बराच वेळ कोण सरस ते सांगता येत नव्हतं. मग काकांचे घोडेस्वार पुलावर दाटीनं आले. हीच वेळ होती. बाबांचं बोट माऊसवरून घसरलं. त्यांनी पुन्हा दाबलं. वीज पडली ती रिकाम्या पुलावर. घोडे दरवाज्यातून आत घुसले होते. किल्ला कोसळला.

माझी मान वर करायची हिंमत होईना. तेवढ्यात समोरून आरोळी आली, "हरवलं! गेरार्डला हरवलं! हिल्डा, बाटली काढ!" गिन्टरकाका अक्षरशः नाचत होते. त्यात दयेचा लवलेशही नव्हता.

बाबा उठले. चेहरा लालबुंद.

"ऐकलंस? त्यानं मला हरवलं! वीज उशिरा पडली. माझी चूक, उला. माझी!"

ते धावतच स्वयंपाकघरात गेले. आई भांडी घासत होती.

"काय झालं?"

"हरलो!" म्हणत बाबांनी तिचे साबणाचे हात आपल्या पांढऱ्या बोटांत धरले आणि तिला टेबलाभोवती एक गिरकी दिली.

"वेड लागलंय का, गेरार्ड?" आई म्हणाली, पण तिनं हात सोडवून घेतले नाहीत.